उताणं निजून पाहिलेलं छत

आमच्या गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात मी जितका उताणा निजलोय तितका अजून कुणी निजला नसेल. देवाची भक्ती वगैरे काही नाही, उगाच पुण्य माझ्या नावावर टाकू नका. एक तर तिथली फरशी चैत्र-वैशाखातही गार असायची, आणि दुसरं म्हणजे तिथं आवाज घुमायचा. मला नकला करायचा नाद होता. शाळेतले मास्तर, गावचा गुरव, अमळनेर स्टेशनावर तिकिटं मागणारा बाबू, शिंकणारी म्हैस, सगळे माझ्या घशात मुक्कामाला असायचे. मंडपात उताणं निजायचं आणि वर बघून एकेकाला बाहेर काढायचं. छताला आपटून आवाज परत आला की तो मास्तरांचाच आहे की माझा हे कळायचं नाही, म्हणजे नक्कल जमली.

ते छत मला घरच्या छपरापेक्षा जास्त पाठ होतं. नुसता दगड, चुना नाही, लाकूड नाही. चार खांबांवर दगडाचा चौकोन. मग त्या चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकलेले, त्यामुळं आत दुसरा चौकोन तयार झालेला, पण वळलेला, पतंगासारखा. त्या पतंगाच्या कोपऱ्यांवर परत तिरपे दगड, की आत तिसरा चौकोन, आता परत सरळ. असं लहान लहान होत वर एवढंसं भोक उरलेलं आणि त्यावर एकच कमळाचा दगड. गावात सांगायचे, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. मला वाटायचं, घाईत बांधलं असेल म्हणूनच तिरपं गेलं.

आमचं गाव अमळनेरहून दोंडाईच्याकडे जाताना लागायचं. घर धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या तुळया, त्यावर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर कपाशीच्या वाळक्या पळाट्या, पळाट्यांवर निंबाचा पाला आणि वर सपाट चोपलेली माती. मधोमध उजेडाला नि धुराला एक भोक, त्याला सानं म्हणायचे. खानदेशात धाबं म्हणजे नुसतं छप्पर नाही, ते वरचं अंगण. तिथं मिरच्या वाळतात, पापड वाळतात, उन्हाळ्यात माणसं झोपतात, पोरं पतंग उडवतात आणि बायका शेजारच्या धाब्यावरच्या बायकांशी भांडतात. घरात माझे वडील, त्यांना सगळे नाना म्हणायचे. माझी आई, तिला मी माय म्हणायचो. नानांचे धाकटे भाऊ सुकदेव, त्यांना आम्ही पोरं नुसतं भाऊ म्हणायचो. आणि भाऊंची नवी बायको, आमची काकी. मी रघुनाथ. पण त्या नावानं फक्त हजेरी व्हायची, बाकी जगाला मी रघ्या.

भाऊंचं आणि माझं गूळपीठ होतं. नकलांचं बी त्यांनीच माझ्यात पेरलं. शेतावरून येताना खांद्यावर बसवून ते मला आमच्या अहिराणीत गावातल्या प्रत्येक माणसाची चाल सांगायचे, "हाऊ बुढा दख, कशा चालस, जशी जमीन गरम शे." मग मी घरी येऊन तसा चालून दाखवायचो आणि पहिलं हसणं भाऊंचं असायचं. भाऊ हसले की बाकीचे हसायचेच. गडगडाटी हसणं, दोन घरं सोडून ऐकू जायचं.

ते हसणं त्या वर्षी बंद झालं. झालं होतं ते अगदीच क्षुल्लक. काकी लग्नानंतर पहिल्यांदा कुरडयांना बसली. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून, साच्यातून धाब्यावर घालून वाळवायच्या, हा आमच्याकडचा उन्हाळ्याचा मोठा सोहळा. कुरडया घालून काकी पाणी प्यायला खाली आली तेवढ्यात कुणाची तरी बकरी जिन्यानं वर गेली आणि अर्ध्या कुरडया फस्त. माय म्हणाली, "हिना माहेरले लोके बकऱ्यासनाकरताच कुरडया करतस वाटस!" म्हणाली हसत, पण शेजारणी ऐकत होत्या. काकी काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. एकाच चुलीवर दोघी, एक भाकरी थापायची, दुसरी शेकायची, आणि मधे शब्द नाही. मीठ हवं असलं तर मला सांगायच्या, "रघ्या, तुना मायले म्हन मीठ दे." माय हातभर अंतरावर. मी निरोप पोचवायचो, काकीचं काकीच्या आवाजात आणि मायचं मायच्या आवाजात. त्यालाही कुणी हसायचं नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी मधल्या खोलीचं धाबं बसलं. मधली खोली म्हणजे घराचा जीव. एका बाजूला नानांची खोली, दुसऱ्या बाजूला भाऊंची, मधे ही मोठी चौकोनी. जेवण तिथं, पाहुणा तिथं, कापसाचे गठ्ठे तिथं, माझ्या नकला तिथं. एक दिवस तुळईतून पिठासारखं काहीतरी गळायला लागलं. नानांनी कोयत्याच्या मुठीनं ठोकून बघितलं तर भिंतीजवळ ढबढब आवाज. भिंतीत गेलेली टोकं वाळवीनं खाल्ली होती, चारी तुळयांची. मधलं अंग लोखंडासारखं शाबूत, टोकं भुसा. खराब टोकं कापून टाकली तर तुळई भिंतीपर्यंत पोचत नव्हती. थोडीथोडकी नाही, चांगली आखूड पडत होती. टेके लावून धाबं कसंबसं धरून ठेवलं, पण पुढचा पावसाळा ते बघणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सातपुड्यातलं चांगलं लांब सागवान सगळं सरकार उचलत होतं. नाना दोंडाईच्याला जाऊन आले, पहूरच्या बाजूला आमचे एक नातेवाईक होते त्यांच्याकडे जाऊन आले. सगळीकडे एकच उत्तर, आखूड पाहिजे तेवढं न्या, लांब नाही.

माघातली संध्याकाळ. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, निंबाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात आणि कच्चं शेंगदाण्याचं तेल. इतकं चांगलं जेवण समोर असताना भाऊ खाली मान घालून म्हणाले, "नाना, लाकूड काही भेटाव नही. मधमा भिंत घाली दिऊत. दोन्हीकडे आखूड लाकडं पुरी जातीन."

नानांचा घास हातातच राहिला. "भिंत?"

"धाबाकरता म्हणस मी."

"भिंत कशाकरता ऱ्हास ते माले समजस, सुका."

 वाटणी हा शब्द कुणी उच्चारलाच नाही. पण मधल्या खोलीत भिंत म्हणजे दोन खोल्या, दोन खोल्या म्हणजे दोन चुली, आणि दोन चुली म्हणजे दोन घरं, एवढं गणित मलाही येत होतं, जरी शाळेत मी गणितात उभा राहायचो तो फक्त शिक्षा म्हणून. मला त्या भिंतीत एकच दिसलं. तिच्या पलीकडे भाऊंचं हसणं जाणार. दुसऱ्या दिवसापासून भाऊंनी नाल्याकाठी कच्च्या विटा पाडायला घेतल्या.

आता उस्मानचाचाला आत आणायला पाहिजे. चाचा गावचा सुतार. तरुणपणी मिलिटरीच्या बराकी बांधायच्या कामावर तो पार काश्मीरपलीकडच्या गिलगिटच्या वर जाऊन आला होता, आणि आल्यापासून एक दिवस गप्प बसला नव्हता. तिकडून आणलेला मेंढीच्या कातड्याचा अंगरखा तो आमच्या चैत्रातल्या उन्हात घालून फिरायचा, घामानं निथळत, फक्त मी खरंच गेलो होतो हे लोकांना पटावं म्हणून. त्याच्या गोष्टींत कांदे नारळाएवढे, नद्या उलट्या वाहणाऱ्या आणि माणसं दीडशे वर्षांची. लोक म्हणायचे, चाचा लाकडाला रंधा लावतो आणि आपल्याला चुना. माझ्या नकलांत चाचा हा सगळ्यात मागणी असलेला माल होता.

त्याची एक गोष्ट छताची होती. ती मी देवळातच ऐकली होती. एकदा पावसात अडकून तो मंडपात आला, वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "रघ्या, ये तो मेरा गिलगिटवाला घर! वहाँ ऐसाच है, मगर लक्कड का. उधर लंबा झाड होताच नहीं रे, पहाड पे झाड भी डर-डरके उगता. तो क्या करते? छोटा लक्कड लेते, कोने पे तिरपा रखते. उसके ऊपर फिर तिरपा. बीच में भोक. धुआँ बाहर जाता, तारे अंदर आते. मैं पूरा एक ठंडी का मौसम उसके नीचे सोया." मी ती गोष्टही नारळाएवढ्या कांद्यांच्या टोपलीत टाकून दिली होती.

विटा वाळत आल्या तसं घर आणखी मुकं झालं. एका संध्याकाळी मला ते सोसेना. म्हटलं काहीही होवो, आज भाऊंना हसवायचंच. मायची धान्याची रिकामी पेटी झाकण काढून मधे ओढली, नानांची घोंगडी कातड्याच्या अंगरख्यासारखी पांघरली, घाम पुसला आणि चाचा सुरू केला. "नाना, ये देखो, ऐसा चौकोन. ये एक लक्कड!" मी पळाटीची एक काडी मोडून पेटीच्या कोपऱ्यावर तिरपी टाकली. "ये दूसरा! ये तीसरा! अरे गिरता क्या? गिलगिट का लक्कड है, कलेक्टर के बाप से भी नहीं गिरता!" चारी कोपऱ्यांवर काड्या, आत पतंग. त्या पतंगाच्या कोपऱ्यांवर आणखी आखूड चार काड्या. "अब इसके ऊपर पूरा हिमालय रखो!" हिमालय नव्हता म्हणून मी चुलीजवळचा पाण्याचा भरलेला तांब्या उचलला आणि वर ठेवला. माझ्या हिशेबानं आता काड्या मोडणार, तांब्या पेटीत धबकणार, पाणी उडणार आणि भाऊ हसणार. नकलेचा सगळा जीव त्या धबक्यात होता.

तांब्या पडलाच नाही.

मी वाट बघत उभा. घोंगडी घसरली. एकही काडी पेटीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचणारी नव्हती आणि भरलेला तांब्या मधोमध अधांतरी ठाण मांडून बसला होता. कुणीच हसलं नाही. नाना उठले, पेटीजवळ उकिडवे बसले, तांब्यावर बोटानं दाबून बघितलं. मग मान वर करून टेक्यांवरच्या आपल्या आखूड पडलेल्या तुळयांकडे बघितलं. परत पेटीकडे. मला म्हणाले, "उस्मानले बलाव."

चाचा आला तो अंगरखा चढवूनच. पण पेटी बघून, नानांचा बेत ऐकून, त्याचा रंग उडाला. इतकी वर्षं कुणी त्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता आणि आता एकदम घरच ठेवायला निघाले होते. तो हळूच म्हणाला, "नाना, सच बोलूं? मैं उसके नीचे सोया है. बनाया नहीं."

"मंग सकाळले देऊळमा चाल," नाना म्हणाले. "तठे बनेल शे."

सकाळी मंडपात माझ्या जागेवर माझं सगळं घराणं उताणं. नाना, शेजारी चाचा, त्याच्या शेजारी मी. भाऊ आले होते, पण निजले नाहीत, खांबाला टेकून उभे. गुरवबाबा घंटा वाजवायला आला आणि थबकला. "पाय कोठे करतस रे! देवकडे पाय?" आम्ही तिघं उताण्याचे उताणे सरकत फिरलो, तेव्हा भाऊंचा ओठ जरासा हलला. मी ते टिपून ठेवलं. मग चाचा छताशी बोलल्यासारखा बोलत राहिला, कुठला दगड आधी, कुठला कुणावर बसलाय, वजन कुठून कुठं उतरतं. नाना विचारायचे, तो उत्तर द्यायचा, चुकायचा, परत बघायचा. मी इतकी वर्षं ते छत पाठ केलं होतं, पण पाठ करणं आणि वाचणं यात फरक असतो. ते मला तिथं उताणं पडून कळलं, शाळेत कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

माझ्या डोक्यात मात्र दुसराच भुंगा शिरला. हे छत गिलगिटहून इथं आलं की इथून गिलगिटला गेलं? चाचा म्हणे, अर्थात तिकडून इकडे, कारण तिकडे लाकूड आखूड, गरज त्यांची. मी अमळनेरच्या शाळेत आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना विचारलं. त्यांनी चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "छे, छे, आपल्याकडूनच. अजिंठ्यापासून भिक्षू चालत निघाले ते चीनपर्यंत. विद्या नेहमी चालत जाते." मी घरी येऊन ते मास्तरांच्या आवाजात सांगितलं. माय भाकरी थापत होती. म्हणाली, "ज्याना घर लांब लाकूड नही त्याले हाईच सुचनार. त्यामा कोनी कोनले काय शिकाडनं?" तीन माणसं, तीन उत्तरं. आणि गंमत अशी की पुढं आयुष्यभर जी जाडजूड पुस्तकं वाचली त्यांतल्या विद्वानांचीही याच तीन गटांत वाटणी झालेली होती. फक्त त्यांच्यापैकी कुणी ते भाकरी थापत सांगितलं नव्हतं.

पुढं एका पुस्तकात चीनच्या वाळवंटातल्या लेण्याचा फोटो बघितला. डोंगर आतून कोरलेला, वर कसलंच वजन पेलायचं नाही, तरी छताला तोच चौकोन, त्यात पतंग, त्यात चौकोन. कोरियातल्या राजाच्या थडग्यात तेच. काश्मीरच्या देवळात तेच. आर्मेनियातल्या शेतकऱ्यांच्या घरात तेच, आणि तिथं मधल्या भोकातून धूर जाताना दाखवलेला. ते बघून मी किती वेळ खुळ्यासारखा बसलो होतो, चहा गार झाला. लेण्यातल्या त्या माणसाला तिरप्या लाकडाची काय गरज होती? दगड काही आखूड पडत नव्हता.  त्याचं उत्तर मला पुस्तकात मिळालंच नाही, ते कुठं मिळालं ते शेवटी सांगतो.

चैत्रात काम निघालं. जुनं धाबं उतरवलं. खोलीला आभाळ दिसायला लागलं तेव्हा माय एकदा आत आली आणि पदर तोंडाला लावून परत गेली. भिंतींच्या माथ्यावर आखूड लाकडं सांध्याला सांधा लावून चौकट बसवली, भिंतच खाली होती म्हणून सांधे चालले. मग आमच्याच चार जुन्या तुळया, किडकी टोकं कापलेल्या, चारी कोपऱ्यांवर तिरप्या. जी लाकडं सरळ पुरत नव्हती ती तिरपी बरोबर बसली. त्यावर दुसरा फेर, त्यावर तिसरा, वर सानं. कड्या, पळाट्या, पाला. चाचा कुणाला हात लावू देत नव्हता, अंगरखा काढून ठेवला होता, त्याच्या उघड्या पाठीवरून घाम वाहत होता आणि तो एकही गोष्ट सांगत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

भाऊ सगळ्यांबरोबर राबत होते, पण तोंड बंद. विटांची रास नाल्याकाठून अंगणात आणून रचली होती.  सगळ्यांना ठाऊक होतं, मातीचं वजन पडलं की काय ते ठरणार. बसलं तर बसलं, नाहीतर विटा आहेतच.

माती चढवायचा दिवस आला. अंगणात चिखल तुडवून ठेवला होता, भावकीतली माणसं टोपल्या घेऊन हजर. पहिली टोपली वर जायच्या आत भाऊ खोलीत गेले आणि मधोमध जमिनीवर मांडी घालून बसले. बरोबर सान्याच्या खाली.

"सुका, बाहेर निंघ," नाना वरून ओरडले.

"निंघाव नही. पडनं ते मना आंगवर पडू द्या. मंग ते भिंत घालशात ना!"

काकीनं दारातून किंकाळी फोडली. माय तिच्या मागं उभी, तिच्या दंडाला धरून. चाचानं वरून खाली बघितलं, जिना उतरला, जाऊन भाऊंच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मेरा काम है. गिरेगा तो पहले मेरी टोपी पे." नाना घटकाभर वर उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, शिवी की देव ते सांगता येत नाही. मग म्हणाले, "टाका रे."

आमच्याकडे धाब्यावर माती टाकायची एक रीत आहे. उगवतीच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि पसरत पसरत मावळतीला जायचं, पुढच्यानं टाकायची, मागच्यानं चोपायची. बापजाद्यांपासून तसंच. हात आपोआप तसे चालतात. देवळात उताणं निजून आम्ही सगळं वाचलं होतं, पण माती कशी टाकावी हे काही तिथं लिहिलेलं नव्हतं, आणि ते विचारायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नाही. उगवतीकडे टोपल्यांमागून टोपल्या पडल्या. मी सान्याच्या काठाशी पालथा पडून खाली बघत होतो. पहिल्यांदा एक बारीक आवाज आला, दात खाल्ल्यासारखा. मग दुसरा. चाचानं डोळे मिटले. भाऊंनी नाही मिटले. ते वर बघत होते, मी आजवर कुणाला छताकडे बघताना बघितलं नाही तसे. आणि एकदम ओरडले, "थांबा! वरला फेर सरकस! एक आंगले नका टाकू! चारी कोपरासथून टाका, चारी कोपरासथून, बराबर!"

वर टोपल्या हातातच थांबल्या. नानांनी विचारलं, "काय म्हनस?"

"माले खालथून दिसस ना, नाना! एक बाजूले दाबायनं का समोरनं उठस. चारी बाजूथून संगे टाका, मंग ते एकमेकले धरी ऱ्हातीन!"

उगवतीची माती हातानं उपसून मागं ओढली. मग चार कोपऱ्यांवर चार माणसं आणि मधे उभे नाना. भाऊ खालून सांगायचे, "मावळतीले एक कमी... आते उगवतले एक... रघ्या, तू डोकं काढ, उजेड अडस!" एकेक टोपली चारी कोपऱ्यांवर बरोबर पडायला लागली तसा तो दात खायचा आवाज थांबला. लाकूड एकदा हुंकारलं, म्हशीनं बूड टेकावं तसं, आणि गप्प बसलं. माझ्याच्यानं राहवलं नाही. सान्यातून तोंड आत घालून मी चाचाच्या आवाजात म्हटलं, "अरे गिरता क्या? गिलगिट का लक्कड है!" चाचानं डोळे उघडले. त्यानं भाऊंकडे बघितलं, भाऊंनी त्याच्याकडे, आणि मग ते हसले. तोच गडगडाट, दोन घरं सोडून ऐकू जाणारा. त्या छताखाली तो आणखी घुमला, देवळातल्यासारखा.

विटांचं काय झालं विचाराल, तर काही सान्याच्या कडेला लागल्या आणि उरलेल्यांचा गोठ्याला ओटा झाला.

पण चूक व्हायची ती होऊन बसली होतीच, आणि ती आम्हा चारी पुरुषांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. वैशाखात बायका चिकाचं पातेलं घेऊन धाब्यावर चढल्या आणि वरून मायचा आवाज आला, "अवो, कुरडया कोठे घालूत? याले ते पोट उनं!" खरंच, सपाट धाबं राहिलंच नव्हतं. मधे हा मोठा उंचवटा, गर्भार म्हशीसारखा, आणि भोवती चारी बाजूंना अरुंद पट्टी. इतकी अक्कल लावून आम्ही छप्पर केलं होतं आणि अंगण मारून टाकलं होतं. नाना वर जाऊन बघून आले आणि दिवसभर शेतावरच थांबले.

शेवटी मायनं एका बाजूच्या पट्टीवर कुरडया घातल्या, काकीनं दुसऱ्या. मधे उंचवटा, एकमेकी दिसेनात. मी वाटीत गरम चीक, तेल आणि तिखट घेऊन खाली जिन्यात बसलो होतो. तेवढ्यात वरून काकीचा आवाज, "अक्का! कावळा! तुमनी बाजूले उना, अक्का!" आणि मायचा, "कोठे? माले दिसस नही!" "अवो तठे, सानाजोडे! काठी मारा!" "काठी तुनाकडे शे ना, फेक आठे!" काठी उंचवट्यावरून गडगडत गेल्याचा आवाज आला. चीक गार होत होता पण मी हललो नाही. वर्षभर माझ्या तोंडून बोलणाऱ्या त्या दोघी पहिल्यांदा माझ्याशिवाय बोलत होत्या. माझी नोकरी गेली, आणि इतक्या आनंदानं नोकरी गेलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. मैत्रिणी झाल्या म्हणाल तर नाही, टोमणे दोन्हीकडून चालूच राहिले. पण ते सरळ जायचे, माझ्यावरून नाही.

वाटणी झाली, पण पुष्कळ वर्षांनी, घर माणसांना पुरेना म्हणून, आणि भांडण न होता. भाऊंनी मळ्यात स्वतःचं घर बांधलं. तोवर लढाई केव्हाच संपली होती, उस्मानचाचा राहिला नव्हता, हवं तेवढं लांब लाकूड मिळत होतं. भाऊंनी धुळ्याहून चांगल्या लांबलचक तुळया आणल्याही होत्या. घरभरणीला नाना आणि मी गेलो. मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि दोघांची मान एकदमच वर गेली. चौकोन, त्यात पतंग, त्यात चौकोन. लांब तुळया कापून आखूड केल्या होत्या आणि तिरप्या टाकल्या होत्या.

 मग नाना घरभरणीच्या पाहुण्यांसमोर, नव्या धोतरानिशी, सारवलेल्या जमिनीवर सरळ उताणे निजले. भाऊ येऊन शेजारी निजले.

"सुका," नाना छताकडे बघत म्हणाले, "आते ते लांब लाकूड भेटस. मंग काबरं?"

भाऊ म्हणाले, "सरळ धाबाखाल माले झोप येस नही, नाना."